गादी

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गादी म्हणजे
गाळ्यातली ती पांढरी, शेठ बसतो ती,
जिच्यापासून चार हात लांब आम्ही उभे असतो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या एकेका गुडघ्यात दोन-दोन आहेत.
मला हसू आलं.
म्हणजे चव्वेचाळीस वर्षं मी चार गाद्यांचा मालक,
आणि पाठीवर गोणी.

पहाटे साडेचार, नाशिकची गाडी.
फळीवरून उतरलो, डावा पाय ओल्या सालींत रुतला.
अंग वळलं. पाऊल वळलं नाही.
आवाज फार मोठा नाही,
निवडताना कोवळी भेंडी मोडावी तेवढाच.
पाठीवरचा कांदा पडला नाही,
हे मी मुद्दाम सांगतो.
त्यानंतर अजून एकतीस गोण्या उतरवल्या.

सूज दुसऱ्या दिवशी आली,
उधारी मागायला येणाऱ्या माणसासारखी,
आधी उंबऱ्यापाशी, मग थेट आत.
हणमंत मुकादमानं आंबेहळद सांगितली.
कोपरखैरण्याचा मालिशवाला म्हणाला, वाटी सरकलीय,
आणि ओढून पाहिली.
वाटी जागेवर होती.
बदनामी तिचीच होते, समोर दिसते म्हणून.

मग एका रात्री
मोरीतून उठताना गुडघा अडकला.
वाकतो, सरळ होत नाही,
आतून कुणी कडी घातल्यासारखा.
विमल म्हणाली, जोर लावा.
जोर लावणं हाच तर माझा धंदा.
तरी हलला नाही.

वाशीला डॉक्टर कारखानीसांनी
अंगठा सांध्याच्या रेघेवर ठेवला, आतल्या अंगाला,
दुसऱ्या हातानं टाच धरून पाऊल जरासं फिरवलं.
इथं?
मी बोललो नाही.
कळलं, म्हणाल्या.

मशीनमध्ये अर्धा तास.
बाहेरून ठोके, जणू रिकामी पिंपं कुणी
हातगाडीवरून फरशीवर लोटतंय.
काचेपलीकडच्या पोरानं बजावलं होतं,
अजिबात हलायचं नाही.
सव्वीस वर्षं या शहरात आहे,
असं मला कुणी सांगितलं नव्हतं.
झोप लागली.

फिल्मवर हाड राखाडी, गादी काळी,
हाडांमध्ये वाकलेली कोर.
त्या काळ्यात एक पांढरी रेघ.
बादलीला कडी असते ना, बाई म्हणाल्या,
तशी फाटलीय, आणि कडी उलटून मध्ये पडलीय.
म्हणून पाय उघडत नाही.

पुढचं त्यांनी कागदावर काढून दाखवलं.
गादीच्या बाहेरच्या काठाला रक्त पोचतं,
आतल्या काठाला नाही.
पोचतं तिथं टाका धरतो,
नाही तिथं कापून टाकायचं.
मला आमच्या गावाकडचा पाट आठवला:
तोंडाशी ऊस,
शेपटाला कुसळं.
तुमची काठाला फाटलीय, त्या म्हणाल्या,
नशीब म्हणा.

कापलं तर दीड-दोन महिन्यांत कामावर,
पण पुढे हाडावर हाड घासत जाईल.
शिवलं तर सहा आठवडे पायावर भार नाही,
कुबड्या,
आणि गोणी…
इथं त्या थांबल्या, माझ्याकडे पाहिलं,
विमलकडे पाहिलं.
विमल पिशवीतल्या पावत्या सारख्या करत होती.

आता मी काय सांगू बाईंना.
फाटली गोणी आम्ही कापत नाही.
तोंड दाबून धरायचं, दाभण, सुतळी,
आणि ती पुन्हा नाशिकला जाते,
पुन्हा भरून येते.
माझ्या हातानं किती शिवल्या, मोजल्या नाहीत.
एवढंच विचारलं, किती टाके?
तीन, आत गेल्यावर कळेल, फार तर चार.
गोणीला जास्त लागतात.
म्हटलं, शिवा.

हणमंत रजेचं बघायला बोर्डात गेलाय.
विमल रिक्षा आणायला.
मी दवाखान्याच्या दारातल्या बाकावर,
डावा पाय अर्धा वाकलेला,
न बोलावता येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा.
समोर रस्त्यापर्यंत पायऱ्या.
अकरा आहेत.
येताना दोघांनी उचलून आणलं,
तेव्हा मोजल्या नव्हत्या.